धुरपताबाईच्या हाताची खोली

दोन माणसांना निजायला केवढी खोली लागते, असं पेडगावात तेव्हा कुणाला विचारलं असतं, तर तो तोंडावर हसला असता. अहो, पाठ टेकायला जागा झाली की झालं! पण धुरपताबाईला विचारलं असतं, तर तिनं चुलीपुढून न उठता माप सांगितलं असतं, तेही हातावर. चौदा वर्षं ते माप तिच्या मनात घोळत होतं.

माणिकरावांचं घर तीन खणांचं, वर माळवद. ओसरीवर पुरुष निजायचे, मधल्या खणात सासू पार्वतीबाई आणि नणंदा. नवरा-बायकोच्या वाट्याला आली ती कणग्यांची खोली. ज्वारीच्या दोन टम्म कणग्या आणि उरलेल्या जागेत एक बाज. कूस बदलली की कोपर कणगीला लागायचं. भिंतीत दिव्याला कोनाडासुद्धा नव्हता, चिमणी कणगीच्या झाकणावर ठेवायची आणि ती कलंडेल म्हणून जीव मुठीत धरायचा. पलीकडं सासूबाई खोकल्या की इकडं दोघं गप्प. दिवसा चारचौघांत नवऱ्याशी बोलायची सोय नाही, आणि रात्री ही गत. असा चौदा वर्षांचा संसार! माणसानं माणसाला ओळखावं तरी कधी?

लग्नाच्या पहिल्याच वर्षी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला जाताना गाडीत माणिकराव तिला म्हणाले होते, “मागं परसात आपल्या दोघांची एक खोली बांधू. जरा कापूस चांगला होऊ दे.” माणूस वाईट नव्हता, पण आईपुढं त्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे. कापूस चार-पाचदा चांगला झाला. खोलीचा विषय निघाला नाही. धुरपताबाईनं मात्र तेव्हापासून ती मनात बांधायला घेतली. सारवताना, दळताना, ती खोलीत कधी खिडकी बसवायची, कधी पेटी सरकवायची.

पोटी मूल झालं नाही. नवस झाले, अंगारे झाले, परभणीच्या हकिमाचे काढे झाले. शेवटी फसली तेराशे सत्तेचाळीसच्या, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अडतीसच्या उन्हाळ्यात पार्वतीबाईंनी ठरवलं, की माणिकरावांचं दुसरं लग्न करायचं. गंगाखेडकडं एक मुलगी आहे, वीस वर्षांची, बापाच्या आजारपणापायी लग्न लांबलेली. अजून बोलणी व्हायची होती. पण नव्या नवरीला कणग्यांत कसं ठेवायचं? म्हणून परसात खोली बांधायची.

नवऱ्यानं हे तिला मान खाली घालून सांगितलं. “आईची मर्जी हाय,” म्हणाले. धुरपताबाई “बरं” म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? तिच्या काळजाला काय झालं असेल, ते विचारायला त्या घरात कुणाला फुरसत होती!

पोखर्णीचा चंद्रभान गवंडी सुतळी नि टिकाव घेऊन आला तेव्हा माणिकराव शरमेनं शेताकडं निघालेलेच होते. “माप घरात विचार,” एवढं बोलून गेले. पार्वतीबाई सोयरीक बघायला गंगाखेडला गेलेल्या. दारात उभी धुरपताबाई.

चंद्रभानची एक रीत होती, त्याच्या बापापासून चालत आलेली. घराचं माप धन्याच्या हातानं घ्यायचं, पण नवरा-बायकोच्या खोलीचं माप बाईच्या हातानं. का, तर भिंती तिला लिंपायच्या, दिवा तिला लावायचा. तिच्या हाताला जी खोली बसत नाही, ती तिला लाभत नाही, असं तो म्हणायचा.

“वैनी, खोली तुमचीच न्हवं?” त्यानं सहज विचारलं.

इथं धुरपताबाईनं सांगायला हवं होतं, की बाबा, माझी नाही. तोंड उघडलंसुद्धा. पण चौदा वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता हो! ती म्हणाली, “व्हय, मपलीच.”

“मग सांगा, केवढी पायजे?”

“दहा हात लांब, आठ हात रुंद.”

चंद्रभाननं भुईवर खडे मांडले. “दाही आठी ऐंशी. आठानं भागलं तर बाकी काहीच उरंना. मोकळी बाकी खोलीला चांगली न्हाई, वैनी. नऊ नि सात घ्या. त्रेसष्ट. सात उरत्यात, लय चांगलं. पण नवात सातात तुमचं भागंल का?”

“भागंल की!” ती आता रंगात आली होती. “दोन बाजा शेजारी लावल्या तर चार हात गेले. तीन हात ऱ्हायले चालायला, म्हंजे एक निजलं असलं तरी दुसऱ्यानं त्याला न उठवता जावं. बाज साडेचार हात लांब. पायाशी पेटी, दीड हात. बाकीचे तीन हात मोकळे, दार उघडायला आन् दोघांनी खाली बसून बोलायला.”

“बोलायला?” चंद्रभान हसला. “लोक मला कणग्यांना जागा इचारत्यात. बोलायला जागा कुणी मागितली न्हाई आजवर.”

त्यानं तिच्या कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत सुतळी धरली आणि गाठी मारल्या. नऊ इकडं, सात तिकडं. मग तिला पूर्वेच्या बाजूला उभं करून हात वर करायला लावला. हात सहज पोचला तिथं कोनाडा. धुरपताबाई गावातल्या कुठल्याही बाईपेक्षा वीतभर उंच, त्यामुळं कोनाडा चांगलाच वर गेला.

महिनाभर भिंती चढत होत्या आणि ती गवंड्याला पाणी देता देता बघत होती. बोलणी फिसकटतील, अशी वेडी आशा तिला होती. तुळया चढवायच्या दिवशी पार्वतीबाईंनी गूळ वाटला. गंगाखेडची कमल ठरली होती. चंद्रभानच्या हातातला गुळाचा खडा हातातच राहिला. संध्याकाळी तो तिच्याजवळ येऊन पुटपुटला, “वैनी, चूक झाली. कोनाडा तेवढा खाली घेतो.”

“असू द्या,” धुरपताबाई म्हणाली. “उंचावर दिवा असला की उंदरं तेल पीत न्हाईत.”

कमल आली. पोरगी गुणाची, गोरीगोमटी, पण उंचीनं अगदी ठेंगणी. पहिल्याच दिवेलागणीला ती दारात येऊन उभी राहिली. “आक्का, तेवढा दिवा लावता का? मपला हात पुरंना बगा.”

आता काय म्हणावं दैवाला! सवतीच्या खोलीत दिवा लावायला धुरपताबाई तेलाची वाटी घेऊन गेली. दोन बाजा शेजारी होत्या. पायाशी पेटी. सगळं तिनं सांगितलं होतं तसंच. तिनं दिवा लावला, हात जोडले आणि पाठ फिरवून बाहेर आली. मोरीशी जाऊन तिनं तोंडावर सपासप पाणी मारून घेतलं.

पण रोजचंच झालं ते. “पाटावर चढून लाव की,” सासू कमलला म्हणायच्या. ती एकदा चढली नि पाटासकट पडली, तेव्हापासून तो नाद सुटला. कमल दिवेलागणीला भाकरी थापायला बसायची आणि धुरपताबाई वाटी घेऊन मागं जायची. वात सारखी करायची, तेल घालायचं, ज्योत धरेपर्यंत उभं राहायचं. तेवढा वेळ खोलीत दुसरं कुणी नसायचं. तेवढा वेळ ती खोली तिची असायची. हळूहळू ती दिवसभर त्या वेळेची वाट बघू लागली, हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण खरं होतं. वात दोनदोनदा कापायची बया!

कधी माणिकराव शेतातून येऊन पटका सोडत बसलेले असायचे. तिथं सासूचा खोकला ऐकू येत नव्हता. “आज दोन वाफे खुरपून झाले,” ते म्हणायचे. “पांढरी गाय चारा खाईना झालीय का?” ती विचारायची. एवढंच. पण लग्नाला सोळा वर्षं होत आली तेव्हा कुठं तिचं नवऱ्याशी मोकळं बोलणं सुरू झालं. एकदा ते भिंतीकडं बघत म्हणाले, “खोली चांगली मापली होतीस तू.” तिला दिव्याची ज्योत दिसेनाशी झाली, इतकं डोळ्यांत पाणी आलं.

तिसऱ्या वर्षी कमलला दिवस गेले. घरात आनंद झाला आणि धुरपताबाईलाही झाला, खोटं कशाला बोला. तिनंच डोहाळे पुरवले. सातवा महिना लागला तशा पार्वतीबाई म्हणाल्या, “बाळंतिणीचा दिवा विझू द्यायचा न्हाई. दर घडीला धुरपतीला हाका मारायच्या का? चंद्रभानला बोलवा, कोनाडा खाली घ्या.”

“मी हाय की,” धुरपताबाई एकदम बोलली. “मी लावीन. कवाबी हाक मारा, मी उठीन.” सासूपुढं तिनं आवाज काढला तो आयुष्यात तेवढा एकदाच.

“तुला कामून तकलीफ?” माणिकराव पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाले.

कमलनं तिचा हात धरला. “खरंच आक्का, तीन वर्सं लय तरास दिला मी तुमाला.” पोरगी मनापासून बोलत होती. कुणाचंच काही चुकत नव्हतं, आणि म्हणूनच धुरपताबाईला भांडताही येईना.

चंद्रभान आला. त्यानं तिच्याकडं मान वर करून बघितलं नाही. कमलला उभं करून तिचा हात पोचला तिथं नवा कोनाडा कोरला, जुना कच्च्या विटांनी भरून काढला आणि रामराम करून गेला. लिंपण राहिलं. लिंपण बायकांचं काम, आणि अवघडलेल्या कमलला ते सांगणार कोण? धुरपताबाईनं पांढरी माती भिजवली, भुसा मिसळला, शेण कालवलं, आणि हात वर करून स्वतःचा कोनाडा लिंपायला घेतला.

तीन वर्षांची काजळी होती वर. एक हात दिला, वाळल्यावर काळा डाग पुन्हा दिसायला लागला. दुसरा दिला. तिसरा दिला. “ऱ्हाऊ द्या आक्का, दिसू द्या,” कमल म्हणाली. पण धुरपताबाईला ते बघवत नव्हतं. चौथ्या हातानंतर भिंत सपाट झाली. कोनाडा कुठं होता, ते तळवा फिरवूनही कळेना.

त्या दिवशी दिवेलागणीला ती सवयीनं तेलाची वाटी घेऊन मागच्या दारी गेली. खोलीत उजेड होता.

“आक्का, पुरला बगा मपला हात!” कमल आतून हसत म्हणाली.

“शाबास गं बाई,” धुरपताबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. मग माजघरात जाऊन तिनं वाटीतलं तेल बुधल्यात परत ओतलं, एक थेंब सांडू दिला नाही. कणग्यांच्या खोलीत अंधार झाला होता. चिमणी लावावीशी तिला वाटली नाही. चाचपडत ती आपल्या बाजेवर जाऊन बसली आणि तिचं कोपर कणगीला लागलं.