दोन्ही हातांचा मी

आमच्या नदीत म्हैस बसली की पाणी दोन्ही काठांवर चढतं. त्या आंजी गावातून मी खलाशी झालो. सुटीवर आलो की पारावर अशा लाटा उसळवायचो की ऐकणारे घरी जाऊन कपडे वाळत घालायचे. माझ्या अपघाताची खरी गोष्ट मात्र अगदीच छोटी. बंदरात जहाज धक्क्याला बांधताना दोर तुटला. मांडीएवढा जाड दोर, पिसाळून उलटा आला आणि माझ्या उजव्या खांद्यावर बसला. हात जागेवर राहिला, त्यातला जीव गेला. बाहीतून तो धडधाकट दिसतो, हीच त्याची बदमाशी.

कंपनीकडे कायमच्या अपंगत्वाचा दावा टाकला. जहाजावर आता कुणी उभं करणार नव्हतं. पुढचं सगळं आयुष्य त्या दाव्यावर टांगलेलं. हात खरंच निकामी झाला का, हे बघायला कंपनीनं गावात एक माणूस पाठवला. मी नेमका त्या दिवशी खांद्याला विजेचे झटके घ्यायला वर्ध्याला गेलेलो.

आता कडक इस्त्रीचा अनोळखी माणूस येतो, पानठेल्यावर गोड बोलतो, पोरगा कसा आहे, कामधंदा काय, तब्येत कशी, असं हळूच विचारतो. आमच्याकडे याचा अर्थ एकच: पोरीकडचे लोक चौकशीला आले. अशा वेळी वाकडं बोलून कुणाची सोयरीक मोडण्याचं पाप आंजीत कुणी करत नाही. पानठेलेवाल्यानं माझ्याकडून उजव्या हातानं कापसाचं गाठोडं उचलवलं. शेजारच्या काकांनी मला ट्रॅक्टरवर बसवलं, निंबावर चढवलं, वर विहिरीत पोहायला सोडलं. थापा मारायला मीच शिकवलं होतं, पण चेले पार पुढे निघून गेले. घरी मायनं पाहुण्याला पोहे दिले. त्यानं हाताचं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "हाताले काय झालं? लागलं होतं थोडंसं. आता दोन दोन घागरी भरून आणते माहा पोरगा."

माझ्या वकिलानं फोनवर कंपनीच्या त्या माणसाचा अहवाल वाचून दाखवला आणि माझ्या अंगावर काटा आला. माझ्या नावाचा, माझ्याच घरात राहणारा, दोन्ही हातांचा एक माणूस त्यात हिंडत होता, आणि तो माझ्यापेक्षा जास्त खरा वाटत होता. तेव्हापासून तो गेलाच नाही. भर दुपारी आंगणात घागर टेकवल्याचा आवाज येतो. जाऊन पाहावं तर जमीन कोरडी. मी डाव्या हातानं शर्टाच्या गुंडीशी झटत बसलो की दारात कुणीतरी तयार होऊन माझी वाट पाहत असतं. आयुष्यभर वाढवून सांगितलं, पण यात एक अक्षर वाढवलेलं नाही. उलट अर्धं दाबून ठेवलंय.

वकील म्हणाला, आता मायनंच शपथेवर खरं सांगावं. गाव तर लगेच पलटलं. काका माझे दोन्ही हात गेले म्हणून सांगायला निघाले होते, त्यांना आवरता आवरता दम निघाला. माय मात्र ऐकेना. हात गेला असं आपल्या तोंडून निघालं की ते पक्कं होतं, एवढंच म्हणायची आणि कामाला लागायची. बरेच दिवस असे गेले. मग एका सकाळी स्वतःच लुगडं बदलून तयार झाली.

वर्ध्याच्या कचेरीत तिला विचारलं, उजवा हात चालतो का. ती माझ्याकडे न पाहता बोलली.

"नाई चालत. भाकर मीच कुस्करून देतो त्याले."

त्यावर नव्या डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, आणि दावा मंजूर झाला. फोन आला तेव्हा माय तूर निवडत होती. मी सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं.

"म्हणजे तो आता येणार नाई," ती म्हणाली.

घागर टेकवणारा तो कोण, हे मला विचारावं लागलं नाही. मी मान हलवली. ती उठली, आंगणाकडचं दार लावायला गेली, आणि थोडं उघडंच ठेवून परत आली.