पायावरची रेघ

जुने केसपेपर गठ्ठा बांधून माळ्यावर टाकता येतात, किस्से कुठे टाकायचे? गंगाखेडच्या आमच्या वीस खाटांच्या दवाखान्यात मी अठरा वर्षं सिस्टर आहे. दुपारी डबे उघडले की कुणीतरी सुरू करतंच, आणि निम्मे किस्से पेडगावच्या माणिकरावांचे निघतात.

माणिकराव ऊसवाले, शुगर जुनी. टाचेत काटा मोडला आणि पाय पोटरीपर्यंत लालभडक सुजला, तेव्हा ते आले. मी हाताला सलाईन लावून अँटिबायोटिक सोडायला लागले, तर त्यांनी हातच मागे घेतला.

"सिस्टर, दुखणं पायाला हाय. सुई हाताला कामून?"

"औषध रक्तातून पायापर्यंत जातं, काका."

"पार टाचेपर्यंत?"

"पार टाचेपर्यंत."

"लय लांब हाय वो," म्हणाले, आणि तीन दिवस बाटलीवरची नजर हलवली नाही.

*

आमचे सर्जन कदम सर. त्यांनी पेनने लालीच्या कडेकडेने रेघ मारली, शेजारी वेळ लिहिली. "लाली रेघेच्या आत आली, तर औषध पोचतंय. बाहेर गेली, तर पाय काढायची वेळ येईल."

संध्याकाळी सर बघतात तर रेघ गायब! माणिकरावांच्या बायकोने, गयाबाईंनी, पाय साबणाने स्वच्छ धुतला होता. सरांनी कपाळाला हात लावला. "आता कुठून मोजू?"

गयाबाईंनी नवऱ्याच्या पोटरीवरच्या तिळाला बोट लावलं. "हितून वर दोन बोटं व्हती. लिवून घ्या."

मी सकाळी काढलेला फोटो मोबाईलवर उघडला. बरोबर दोन बोटं.

*

पाय उशांवर उंच ठेवायचा होता. माणिकराव ठेवायचे आणि कुणी भेटायला आलं की झटकन खाली घ्यायचे. सर रागावले तर म्हणाले, "व्याही आले व्हते सर. त्यांच्या तोंडापुढं पाय करू का?"

यावर औषध नव्हतं. आमच्या शांतामावशी, वॉर्ड झाडणाऱ्या. त्यांनी झाडू ठेवला, खाट गर्रकन फिरवली आणि पाय भिंतीकडे केले. "आता येऊ द्या कोन यायचं ते."

*

तिसऱ्या दिवशीही लाली हटेना. टाचेची कातडी काळी पडली होती. सर म्हणाले, "मेलेल्या कातडीत रक्तच जात नाही, औषध कसं जाईल? ती काढावी लागेल."

गयाबाई पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. माणिकरावांनी बाटलीवरची नजर काढून टाचेकडे बघितलं.

"म्हंजी उसातल्या ड्रिपची नळी चोक झाली. मोटार कितीबी चालवा, शेवटच्या सरीला पानी न्हाई."

"अगदी तसंच."

"मग करा साफ."

सर मोठ्या शहरात शिकलेले, पण तेव्हापासून प्रत्येक पेशंटला हेच वाक्य सांगतात. पेडगावचं आहे, हे सांगत नाहीत.

*

सरांनी काळी कातडी काढल्यावर लाली रोज थोडी आत सरकत गेली. गयाबाई बोटं लावायच्या, मी लिहायचे. माणिकराव दोन्ही पायांवर चालत दवाखान्याची पायरी उतरले. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी ताठ मानेने घरी गेले.

*

आता यंदाचं. पेडगावची एक बाई रिक्षातून आली, नडगी सुजलेली. सरांनी खिशातून पेन काढलं, मी तिचं लुगडं जरा वर सरकवलं.

पायावर आधीच दोन रेघा होत्या. एकीशेजारी लिहिलेलं, सकाळी सात. दुसरीशेजारी, दुपारी बारा. लाली दुसऱ्या रेघेच्या बोटभर पुढे गेलेली.

"हे कुणी केलं?" सरांनी विचारलं.

"गयाबाईनं. म्हनली, दुसऱ्या रेघेच्या भाईर गेलंय, आता घरी थांबू नगं. आन् पाय धुऊ नगं."

खाली वाकून सरांनी तिसरी रेघ मारली आणि गयाबाईंच्या अक्षराखाली वेळ लिहिली.