काढलेली नावं

माझी पुतणी मंगल पहाटे चारला कामाला बसायची, कारण आष्टीत वीज तेव्हाच टिकायची. २००५ सालची गोष्ट. योगीराजच्या कॉम्प्युटर सेंटरमधून पुण्याच्या एका कंपनीच्या जाहिराती ईमेलनं अमेरिकेत जायच्या. कुणी 'नको' कळवलं, तर त्याचं नाव कामाच्या दहा दिवसांत यादीतून काढायचं, असा तिकडचा कायदा. ते काम मंगलकडं होतं.

मी पस्तीस वर्षं पोती वाहिली. खुर्चीवरच्या कामावर माझा भरवसा नव्हता. मंगलचा मालकावर नव्हता. तिच्या आईनं ऊसतोडीला नकार दिला, तरी मुकादम दर हंगामाला दारात उभा राहायचा. नकार दिला तरी वहीतलं नाव जात नाही, हे ती बघत आली होती. म्हणून तिनं स्वतःचा ईमेल पत्ता गुपचूप यादीत घातला आणि दुसऱ्या दिवशी काढला. तरी विसाव्या दिवशी तिला जाहिरात आली.

"मालक, काढलेली नावं तुमी परत घातली?"

"यादी आटली तर कंपनी काम देईल का? लई कायदेवाली झालीस! उद्यापासून येऊ नको."

"न्हाई येत. पण का सोडलं, ते कंपनीला कळवते. जाहिरातीखाली पत्ता त्यांचा हाय. दंड त्यांना बसला की ते तुमालाच धरतील."

 वीज जायच्या आत योगीराजनं तिच्यासमोर परत घातलेली चारशे बारा नावं काढली. तिनं तीन दिवस एकेक पुन्हा तपासलं. ते मात्र मी काम मानलं.

नोकरी टिकली. वर्षाच्या पगारात तिनं दुभती म्हैस घेतली, तीही दोन दिवस स्वतः धार काढून बघितल्यावरच.