फांदीवरचा खंड्या

नालवाडीतले आमचे शेजारी रोज सकाळी तळ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला जायचे. त्यांच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याचं बटण दाबून फोटो निघेपर्यंत पक्षी उडालेला असायचा. मग ते रिकाम्या फांदीचा फोटो दाखवायचे. "इथंच बसला होता खंड्या, आईशप्पथ!" आम्ही गालातल्या गालात हसायचो. ते मात्र फोटो छापून, मागे पक्ष्याचं नाव लिहून तो अल्बमात लावायचे.

दिवाळीत त्यांनी साधासाच, पण बटण दाबताच फोटो काढणारा डिजिटल एसएलआर कॅमेरा घेतला. दुसऱ्या दिवशी अनवाणीच माझ्या दारात! अल्बममधल्या जुन्या फोटोशेजारी त्यांनी कॅमेऱ्याची स्क्रीन धरली. तीच वाकडी फांदी आणि तिच्यावर निळाशार खंड्या, चोचीतल्या मासळीसकट.

"मंग? मी खोटं बोलून राह्यलो होतो का?"

मी हात जोडले.

"आत्ताच काऊन हात जोडता? अजून एक्केचाळीस फांद्या बाकी आहेत!"