क्रेनवाल्याचं पोट

क्रेनवाला सकाळी सातला शिडी चढायचा तो थेट दुपारीच उतरायचा. वरच्या काचेच्या केबिनमध्ये संडास नाही, आणि मधेच वीस मजल्यांची चढउतार कोण करणार? म्हणून पाणीच प्यायचं नाही, हा त्याचा अकरा वर्षांचा शिरस्ता.

हल्ली त्याचं पोट साफ होईना. आधी दोन दिवसांआड, मग चार. वडील पोटाच्याच दुखण्यानं गेले होते. तेही सुरुवातीला "काही नाही रे" असंच म्हणायचे. मन चिंती ते वैरी न चिंती. हुकाला लोखंडी तुळई लटकलेली आणि ह्याचं लक्ष बेंबीपाशी.

बायकोला सांगायची लाज. पोटातलं ओठावर येईना आणि खालीही जाईना. शेवटी थोरल्या बहिणीनंच खोदून विचारलं. "एवढंच ना? कोंडा खा भरपूर!"

त्यानं वाटीवाटीनं गव्हाचा कोंडा गिळायला सुरुवात केली. पाणी मात्र तेवढंच. पाचव्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि तुळई हवेत असतानाच कळ आली. त्याची पाचावर धारण बसली. कशीबशी त्यानं तुळई खाली टेकवली आणि वॉकीटॉकीवर एवढंच म्हणाला, "मी उतरतोय."

डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून पाहिलं. "रक्त जातं? वजन घटलंय? उलट्या?"

"नाही. पण वडिलांना..."

"ते तपासून घेऊ. दिवसाला पाणी किती पिता?"

"दोन कप चहा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, पाण्याशिवाय कोंडा आत घट्ट बसतो. तूर्त तो बंद. औषध देते, पाणी वाढवा. मग भाज्या, डाळी, फळं हळूहळू. आतड्यातले जिवाणू त्यांतल्या चोथ्यावरच जगतात, पण एकदम ढीग टाकलात तर गॅस करतात. त्यांना सवय होऊ द्या."

"आणि दही?"

"खा की. काहींना गुण येतो, हमी मात्र देत नाही."

खरी परीक्षा पुढे होती. पाणी प्यायचं तर उतरायला सुट्टी हवी, म्हणजे मुकादमाला सगळं सांगायला हवं. मान खाली घालून त्यानं सांगितलं. मुकादम इकडेतिकडे बघत पुटपुटला, "दर दोन तासांनी उतर. आणि त्या बाई कुठे बसतात?"

तपासण्या ठीक निघाल्या. तिसऱ्या आठवड्यात पोट एक दिवसाआड साफ व्हायला लागलं. तरी रिपोर्ट त्यानं बहिणीकडून दोनदा वाचून घेतला, आणि तिसऱ्यांदा स्वतः.