वैशाखात लावलेली झाडं

“तुमची गोष्ट वेगळी आहे, मॅडम.”

वकीलसाहेब असं म्हणाले आणि त्यांच्या बायकोनं पोह्यांची बशी माझ्यापुढं सरकवली. पोह्यांवर हिरवागार सांभार, म्हणजे कोथिंबीर. तो सकाळीच माझ्या आईच्या गाडीवरून घेतलेला. मला माहीत होतं, कारण त्या जुड्या पहाटे मीच बांधल्या होत्या.

मी त्यांच्या नातीची शिकवणी घ्यायला गेले होते. रोजच्यासारखी आतल्या खोलीकडं निघाले तर म्हणाले, बसा थोडं, आज तुमच्याशीच काम आहे. हॉलमध्ये कॉलनीतली बरीच मंडळी जमलेली. वकील, प्राध्यापक, मंदिरातले गुरुजी, एक निवृत्त मुख्याध्यापक.

विषय होता मोकळ्या जागेचा. अमरावतीत नाल्याच्या एका काठाला आमची वस्ती, दुसऱ्या काठाला ही कॉलनी. मधे एक लहानसा पूल. कॉलनीत महापालिकेची एक मोठी जागा कित्येक वर्षांपासून पडीक आहे. तिथं घरकुलाची इमारत बांधायची आणि नाल्याकाठच्या टिनाच्या घरांतल्या लोकांना तिथं न्यायचं, असा प्रस्ताव निघाला. हरकती मागवल्या होत्या. कॉलनीतल्या एकूण एक घराची हरकत होती.

मुख्याध्यापक म्हणाले, “या लोकांना चौथ्या मजल्यावर फ्लॅट द्या, तिथंही बकऱ्या बांधतील.”

सगळे हसले. हसता हसता कुणाला तरी मी दिसले. हसू थांबलं. तेव्हा वकीलसाहेबांनी ते वाक्य टाकलं. तुमची गोष्ट वेगळी.

आमच्याकडं बकरी नाही. कधीच नव्हती. पण हे तिथं सांगितलं असतं तर ज्यांच्याकडं आहे त्यांना मी मागं टाकून पुढं सरकले असते. म्हणून बशी तशीच टेबलावर ठेवली. राग नव्हता आला. थकवा आला होता. असा थकवा की वाटलं, इथंच खुर्चीत डोळे मिटावे.

हा थकवा जुना आहे. बी.एड.ला अकोल्याला होते तेव्हा खोली शोधत फिरले होते. दारात गोड बोलायचे. शिक्षण काय, आणखी कोण कोण आहे, जेवणाचं काय. मग आडनाव. आडनाव ऐकलं की त्यांना एकदम आठवायचं, खोली तर कालच दिली, भाचा येणार आहे, रंग द्यायचा आहे. शेवटी बडनेऱ्याहून गाडी धरून रोज जाणं-येणं केलं. वस्तीतली पहिली बी.ए. मी. पहिली एम.ए. मी. पहिली बी.एड. पण मीच. आमच्या दाराला टिनाचा पत्रा आहे, पण त्या पत्र्यावर माझ्या नावाची पाटी आहे, डिग्रीसकट. रंगवून घेतली ती मी. त्याची मला लाज नाही, अभिमान आहे.

तर वकीलसाहेबांचं काम असं होतं. सुनावणी होणार होती. तिथं वस्तीतलं कुणी शिकलेलं उठून म्हणालं की आम्हालाच नाला सोडायचा नाही, आमचा धंदा तिथं आहे, तर हरकतीला वजन येईल. आणि असं शिकलेलं माणूस म्हणजे मी. बदल्यात त्यांच्या घरामागची खोली. पक्की, स्लॅबची, नळ आतमध्ये. भाडं नावापुरतं. दार मागच्या बोळातून.

वकिलीणबाई म्हणाल्या, “आईंनाही आणा हो. गाडी तेवढी बाहेर ठेवा. आणि आपल्या गेटात आवाज नका देऊ म्हणावं, बरं नाही दिसत.”

माझी आई रोज सकाळी त्याच गल्लीतून भाजीची गाडी ढकलते. कुणाकडं आज पाहुणे आहेत, कुणाला डॉक्टरनं पालक बंद केला, तिला सगळं माहीत. तिचा आवाज आला की त्या बायका दार उघडतात. तोच आवाज खोलीत राहायला आल्यावर बरा दिसणार नव्हता.

मी विचार करून सांगते म्हणाले. आणि खरंच विचार केला, हे लपवत नाही. आईचे गुडघे गेलेत. पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात येते तेव्हा ती पलंगावर पाय घेऊन बसते आणि मी भांड्यानं पाणी बाहेर फेकते. स्लॅबची खोली म्हणजे काय, ते स्लॅबखाली जन्मलेल्यांना सांगून समजणार नाही.

आईला सांगितलं. ती वांगे निवडत होती. म्हणाली, “तुले जायचं तर जाय. मी गाडी बाहेर ठेवीन, पन तोंड कुठं ठेवू?”

दोन-चार दिवसांनी कॉलनीतून निरोप आला. मोकळ्या जागेवर बगीचा करायचा आहे, खड्डे खणायला बाया पाहिजेत, रोज देऊ. जागेचं होईल तेव्हा होईल, रोज तर आज मिळत होता. आई गेली. शेजारची सुशीलामावशी गेली, आणखी चार-पाच जणी गेल्या. वैशाखाचं ऊन. आमच्याकडचं ऊन ज्यांनी पाहिलं नाही त्यांना काय सांगू, डांबर चपलेला चिकटते. अशा उन्हात कोणी झाडं लावते का? आमच्या बाया खड्डे खणत हसून राहिल्या होत्या. सुशीलामावशी म्हणाली, “या लोकायले ऊन लागलं काय वं? उद्या म्हनतीन, बाई, आंब्याले मोहर कावून नाही आला.”

हसत हसत त्यांनी सगळी जमीन झाडांनी भरून काढली. करंज, कडुनिंब, अशोक. दुपारी कॉलनीतली मंडळी आली. पांढरे कपडे, डोक्यावर टोप्या. प्रत्येकानं एकेक फावडं हातात धरलं, फोटो काढले. बायांना म्हणाले, जरा बाजूला सरका. त्या सरकल्या. आईनं घरी येऊन तेही गंमत म्हणूनच सांगितलं. म्हणे वकीलसाहेबांनी फावडं उलटं धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शिकवते त्या शाळेतून येताना तिथली पाटी वाचली. ‘नागरिकांच्या श्रमदानातून साकारलेले उद्यान. या जागेवर कोणतेही बांधकाम करू नये.’

सायकल धरून उभीच राहिले. कोवळी रोपं माना टाकून होती. टँकर लागलेला. टँकरचं पाणी रोपांना जात होतं आणि पुलाच्या पलीकडं आमच्या बाया नळाची वाट पाहत रिकाम्या गुंडांची, हंड्यांची रांग लावून बसल्या होत्या.

घरी येऊन आईला पाटी सांगितली. तिनं पाटीवरचे शब्द पुन्हा एकदा सांगायला लावले. मग म्हणाली, “म्हंजे मी माह्याच घराच्या जागेवर खड्डे करून आली.”

आवाजात चीड नव्हती. चीड असती तर मला झेपलं असतं. ती फक्त स्वतःच्या हाताकडं बघत होती. तळव्याला फोड आले होते.

त्या रात्री मी ठरवलं असं काही नाही. ठरलेलंच होतं. फक्त मला उशिरा कळलं.

सुनावणी झोन कार्यालयाच्या सभागृहात होती. वस्तीतली मोजकीच माणसं आली, बाकीच्यांचा रोज बुडणार होता. आईही गाडीवर गेली होती. कॉलनीची मंडळी पुढच्या रांगेत. वकीलसाहेब फार छान बोलले. पर्यावरण म्हणाले, प्राणवायू म्हणाले, येणाऱ्या पिढ्या म्हणाले. फोटो सुनावणी घेणाऱ्या साहेबांच्या टेबलावर ठेवले. एकदाही कुणाला वाईट शब्द बोलले नाहीत. मग वळून माझ्याकडं हात केला आणि म्हणाले, वस्तीतल्या उच्चशिक्षित भगिनी स्वतः आपली भूमिका मांडतील.

मी त्यांना होकार दिला नव्हता. नकारही दिला नव्हता. त्यांना विचारायची गरजच वाटली नव्हती.

मी उठले. वर्गात साठ पोरं गप्प करणारी बाई मी, आणि इथं खुर्चीची पाठ धरून उभी. साहेब म्हणाले, बोला मॅडम.

“साहेब, या फोटोतले खड्डे माझ्या आईनं खणले आहेत. रोजानं. फोटोच्या वेळी तिला बाजूला सरकवलं.”

वकीलसाहेब खालच्या आवाजात म्हणाले, “मॅडम, तो विषय नाही.”

“तोच विषय आहे. जिथं आम्हाला घर मिळणार तिथं आमच्याच हातानं झाडं लावून घेतली. भर वैशाखात. झाडांसाठी नाही लावली, आमच्यासाठी लावली. आम्ही येऊ नये म्हणून.”

कुणी टाळी वाजवली नाही. पंखा फिरत होता. मुख्याध्यापक म्हणाले, “बेटा, तुला शिकवलं-सवरलं आणि हेच केलंस?”

त्यांनी मला एक दिवसही शिकवलं नाही. तरी माझं शिक्षण म्हणजे त्यांचेच उपकार होते. मी त्यांच्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “सर, शिकवलं माझ्या आईच्या गाडीनं. आम्हाला घरं पाहिजेत. त्याच जागेवर. नाल्यावर राहायची आम्हाला हौस नाही.”

साहेबांनी लिहून घेतलं. निर्णय नंतर कळवू म्हणाले. पुढचं नाव पुकारलं. एवढंच झालं. कथेत होते तसं काही झालं नाही.

बाहेर वकिलीणबाई गाडीत बसता बसता थांबल्या. त्यांचे डोळे भरले होते. खरेच भरले होते, खोटं नाही बोलत. म्हणाल्या, “आम्ही तुम्हाला घरच्यासारखं वागवलं हो.”

घरच्यासारखं वागवायला आधी माणूस परकं असावं लागते, हे त्यांना उन्हात उभं राहून कुठून समजावू?

शिकवणी त्याच दिवशी सुटली. पण खरं पुढं होतं. दुसऱ्या सकाळी आई गाडी घेऊन कॉलनीत गेली आणि दारं उघडली नाहीत. पडदे हलले, दारं नाही. दुपारी ती परत आली तेव्हा पालक सुकला होता, भेदरं, म्हणजे टमाटे, तापून मऊ झाली होती. गाडी टेकवून ती सावलीत बसली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाली, “बोलली थे बेस केलं. आता धंदा कुठीसा करू, थे बी सांग.”

ती आता लांब जाते, बसस्टँडच्या पलीकडं. गुडघे तेच आहेत, रस्ता वाढला. माझ्या दोन वाक्यांची किंमत ती रोज पायानं भरते. विद्रोह वगैरे शब्द मी पुस्तकात वाचले होते. त्यात कुणाच्या आईचे गुडघे नव्हते.

आणि झाडं? बहुतेक जळाली. टँकर सुनावणीपर्यंतच येत होता. काही करंज तगले आहेत. आई जाता-येता त्यांना गाडीवरचं शिंपडायचं पाणी घालते. मी एकदा चिडून विचारलं, कायले? तर म्हणे, “त्यायनं काय केलं मंग?”

आता नवीन गोष्ट निघाली आहे. वकीलसाहेबांनीच काढली. म्हणतात, ठीक आहे, बांधा इमारत, आमचा माणुसकीला विरोध नाही. फक्त इमारत आणि कॉलनीच्या मधे एक भिंत घाला. उंच. आणि येण्या-जाण्याचा रस्ता नाल्याच्या बाजूनं काढा. साहेबांना हे पसंत आहे म्हणतात. सगळ्यांचंच समाधान होते.

वस्तीत बैठक झाली. निम्म्याहून जास्त लोक तयार आहेत. सुशीलामावशी मला म्हणाली, “घर भेटून राहिलं ना वं पोरी. भिंत तं भिंत. आपल्याले काय त्यायचं तोंड पाहाचं हाय?” मी तिला दोष देत नाही. तिच्या सुनेचे दिवस भरत आले आहेत आणि ढग भरून राहिले आहेत. आईसुद्धा म्हणाली, घरात पाणी आलं की भिंत दिसत नाही.

खरं आहे ते. दोघींचंही खरं आहे. मी रात्रभर त्यावर डोकं धरून बसले आणि मला एकच दिसलं. आम्हाला दर वेळी दोनातलं एक उचलायला लावतात. खोली घे नाहीतर वस्ती. धंदा कर नाहीतर बोल. घर घे नाहीतर मान. आणि आम्ही एक उचललं की दुसरं त्यांच्याकडं राहते. ते कधीच असं निवडत नाहीत. त्यांना छप्पर असते आणि समोरचा रस्ताही असतो, एकाच वेळी, न मागता.

भिंतीवर आता पुन्हा हरकती मागवल्या आहेत. या खेपेला हरकत आमची आहे. मी लिहिली आहे. सही पहिली माझी, दुसरी आईच्या अंगठ्याची. तिसरी कुणाची होईल माहीत नाही. कदाचित होणार नाही. लोक थकले आहेत, मीही थकले आहे. पण थकलेल्या माणसाला सहीपुरता हात उचलता येतो.

घर आम्ही घेणार. पुढच्या पावसाच्या आधी मिळालं तर आधी, नंतर मिळालं तर नंतर. आणि भिंत होऊ देणार नाही. घर देऊ पण भिंतीसकट, असं कुणी म्हणालं तर घराची चावी एका हातात घेईन आणि भिंतीच्या पायाच्या खड्ड्यात जाऊन उभी राहीन. उठवलं तर पुन्हा उभी राहीन.

एक नाही. दोन्ही.