गॅसचा खोकला

माझ्या गोष्टी ऐकायला लोक लालबागेतल्या आमच्या चाळीचे चार मजले चढून यायचे. गिरणीच्या चिमणीवर चढलेल्या बैलाची गोष्ट मी इतक्यांदा सांगितली की पुढेपुढे मला त्या बैलाची दया यायला लागली. पण ही एक तेवढी कुणाला सांगितली नाही. बायकोला नाही, भावाला नाही. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही – म्हणून असेल. आणि ही वाढवून सांगणार नाही. बघा, निदान प्रयत्न तरी करतो.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आम्ही एकाच गावचे गडी एका खोलीत राहायचो आणि खाली जनाआजीच्या खानावळीत जेवायचो. त्यातला गोविंदा माझा लहानपणापासूनचा सोबती. तो कार्डिंग खात्यात होता, जिथे कापूस पिंजतात. संध्याकाळी बाहेर पडला की भुवयांवर, मिशीवर कापसाचे तंतू. सगळे त्याला म्हातारबा म्हणायचे. मी फोल्डिंगला. तयार कापडाच्या घड्या, स्वच्छ हवा, आणि तोंडात सदा विडी. गोविंदाने विडीला कधी हात लावला नाही. धूर मी सोडायचा आणि त्याच खोलीत त्याने झोपायचं, असा आमचा हिशेब.

तर एकदा फाउंटनकडे मोर्चा निघाला. मी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होतो. माझ्या घोषणेने ट्रामच्या काचा – नाही, काचांचं राहू द्या. ओरडत होतो एवढं खरं. गोविंदा माझ्या पुढे होता. लालबागेतून भायखळ्याकडे सरकतोय, तोच पुढून कुजबूज आली, गोळीबार होणार म्हणे. झाला नव्हता अजून. होणार, एवढंच. माझे पाय थांबले. मग वळले. मी मसाल्याच्या गल्लीत शिरलो आणि एका डंकवाल्याच्या अर्धवट लावलेल्या दारातून आत घुसलो. तुम्ही मिरची कुटणाऱ्या डंकाजवळ कधी उभे राहिलात का? बाहेर सगळं बंद असलं तरी कुणाच्या तरी लग्नाचा मसाला कुटायचा होता, तोही दार आतून लावून. मी पोत्यांमागे बसलो. नाकातून, डोळ्यांतून, वाटतं कानांतूनही पाणी आलं. पण बाहेर पडलो नाही. मिरचीपेक्षा गोळी वाईट – एवढाच विचार, दुसरा काही नाही.

सारं शांत झाल्यावर खानावळीत पोचलो तो डोळे लाल, तोंड सुजलेलं, खोकल्याची उबळ थांबेना. जनाआजीने कपाळावर हात मारला. “अरे देवा, गॅस लागलो हेका!”

मी नाही म्हणालो नाही. बस, सुरुवात एवढीच. खोटं बोललो तरी कुठे? फक्त खोकलो. जेवण होईतो मात्र माझ्या गोष्टीत पायाशी अश्रुधुराचं नळकांडं येऊन पडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते मी जळतं हातात धरून पोलिसांकडे परत फेकलं होतं. आजीने माझ्या ताटात जास्तीचा मासा वाढला. “गॅस खाल्लंस, आता बांगडो खा!”

कोपऱ्यातल्या एका जॉबरने, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाने, विचारलं, हाताला फोड कसा नाही रे? मी पुन्हा खोकलो. तेव्हा बोलला कोण? गोविंदा. फाउंटनपर्यंत गेलेला, खरा गॅस खाऊन आलेला आणि त्याबद्दल चकार शब्द न काढलेला गोविंदा. “माझ्या पाठीक बापूच होतो मरे,” म्हणाला. बापू म्हणजे मी. त्याने मागे वळून पाहिलंच नव्हतं. मी पाठीशी असणार, हे तो धरूनच चालला होता. त्याच्या शब्दावर सगळी खानावळ पुन्हा जेवायला लागली, कारण गोविंदा खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मिरचीचा खोकला संध्याकाळपर्यंत गेला असता. पण मला आधीच सर्दी, त्यात विड्या. ताप आला, छातीत घरघर, पिवळा बेडका. खोकलो की चाळीचे कठडे हलायचे. बरं, आमच्या मजल्याचे. परळ नाक्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. मोठं दुखणं, मोठी सुई हवी, असा माझा हट्ट. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीवर ठोकून पाहिलं आणि म्हणाले, “ब्राँकायटिस आहे. सुई तुला लोकांना दाखवायला हवी की बरं व्हायला?”

मग त्यांनी समजावलं. छातीत श्वासाच्या नळ्या असतात, झाडाच्या फांद्यांसारख्या. सर्दी खाली उतरली की त्यांचं अस्तर आतून सुजतं, कफ धरतं; तो बाहेर काढायला शरीर खोकतं. खोकला हा शत्रू नव्हे, झाडूवाला आहे, म्हणाले. असला खोकला बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत आपला आपण जातो, पेनिसिलीनने काही लवकर जात नाही. गरम पाणी पी, वाफ घे, विश्रांती घे, विडी सोड. ताप वाढला, धाप लागली, कफात रक्त दिसलं, तर मात्र तसाच धावत ये.

“साहेब, हा गॅसचा खोकला आहे,” मी म्हणालो.

ते हसले. “गॅस दोन तासांचा पाहुणा. हे तुझ्या विडीचं देणं. खोलीत आणखी कुणी खोकतं?”

मी गोविंदाचं सांगितलं. सगळं खरं सांगितलं, त्या दिवशी तेवढंच. की तो वर्षानुवर्षं खोकतो, थंडीत महिनेच्या महिने. सकाळी उठला की कफ. सुट्टीनंतर गिरणीत पाऊल टाकलं की छाती आवळल्यासारखी होते. डॉक्टरांचं हसू गेलं. “त्याला उद्याच घेऊन ये. तुझं आणि त्याचं एक नाही. कापसाची धूळ अशीच आत जात राहिली तर नळ्या कायमच्या अरुंद होतात, मग माझ्याकडे औषध नाही. आत्ता खातं बदललं तर थांबवता येईल. मी चिठ्ठी देतो.”

मी हो म्हणालो. मान जोरजोरात हलवून हो म्हणालो.

जिना चढताना काय डोक्यात आलं, सांगू? गोविंदाला आणलं तर डॉक्टर त्याच्यासमोर म्हणणार – ह्याचं विडीचं, तुझं धुळीचं, गॅस कुठला? आणि गोविंदा माझ्याकडे बघणार. रागाने नाही. तो रागवायचाच नाही. नुसता बघणार, आपण कुणासाठी शब्द टाकला ते. ते बघणं मला नको होतं. बस. ह्याहून मोठं कारण मी आजवर शोधलं, सापडलं नाही.

तो खाटेवर बसून होता. “डाक्टरान काय सांगल्यान?”

“गॅसचा खोकला,” मी म्हणालो. “आपोआप जातो. तू पण गॅस खाल्लायस ना? तुझाही तोच. गरम पाणी पी.”

“माझो तर आधीचो आसा,” तो म्हणाला.

“गॅसने वाढला. गॅसबरोबरच जाईल.”

त्याला ते पटलं, कारण माझा गेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच गेला. गोविंदा रोज गरम पाणी पीत राहिला, वाफ घेत राहिला आणि रोज त्याच कार्डिंगला जात राहिला. मध्ये एकदा मला म्हणाला, बापू, तुझी छाती बळकट रे, माझीच कमजोर. मी तेव्हाही सांगू शकलो असतो. परळ नाका काही लांब नव्हता. मी विडी पेटवली.

महाराष्ट्र झाला तेव्हा चाळीला तोरणं लागली, पेढे वाटले. गोविंदा पेढा हातात घेऊन दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला धरून उभा होता, वर चढवेना. त्यानंतर लवकरच तो गिरणी सोडून गावी गेला.

मी त्याला एकदाच भेटलो, बऱ्याच वर्षांनी. पडवीत उशांना टेकून बसलेला. आडवं झालं की गुदमरायचा. सून गरम पाणी घेऊन आली, तर त्याने तिला थांबवलं. चेहऱ्यावर केवढा आनंद! “गो, ह्यो तो बापू,” म्हणाला. “मोर्चात... जळता नळकांडा... ह्याना हातान धरल्यान... आणि...”

पुढे श्वास पुरेना. छातीतली शिट्टी मला पायरीपर्यंत ऐकू येत होती. सून माझ्याकडे वळली. “आणि मगे काय झाला, काकानू?”

गोविंदाही माझ्याकडे बघत होता, मान हलवून सांग, सांग म्हणत होता.

उरलेली गोष्ट मी सांगितली. पहिल्यापेक्षा चांगली सांगितली.